प्रायमरी डिबेट बघितल्यावर उमेदवार जोखायचा कसा

सकाळचे साडेसहा वाजलेले असतात, कोथरूडला आमच्या गल्लीत दूधवाला आणि टेकडीवर निघालेली मंडळी सोडली तर कोणी नसतं, आणि आमच्या घरात अमेरिकेतली डिबेट सुरू होते. तिकडे पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे नऊ. हिवाळ्यात त्यांची घड्याळं तासभर मागे जातात म्हणून आपल्याकडे साडेसात होतात, तेवढाच फरक. लेक आणि जावई टेक्सस राज्यात डॅलसजवळ असतात, लेकीला २०१८ मधे सिटिझनशिप मिळाली आणि २०२० ला तिनं पहिल्यांदा प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, मत दिलं, आणि त्याच्या आधीचे आठ महिने प्रत्येक डिबेट झाली की तिचा फोन यायचाच, "आई बघितलंस ना, कोण वाटलं तुला?" मला तिकडे मत नाही, पण तिचं मत खरोखर मोजलं जाणार होतं म्हणून मी ते मनापासून घेतलं, आणि चुकले पण, आणि त्या चुकण्यातून हळूहळू ही पद्धत बसत गेली. ज्यांची मुलं-भावंडं तिकडे मतदार आहेत किंवा जे स्वतः आहेत त्यांच्यासाठी लिहितेय. पुढची अध्यक्षीय निवडणूक २०२८ ला आहे आणि डिबेट्स बहुतेक वेळा आदल्या वर्षीच सुरू होतात, म्हणजे तयारीला वेळ आहे.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की प्रायमरीची डिबेट म्हणजे दोन पक्षांमधली लढाई नाही. एकाच पक्षाचे आठ-दहा लोक तिकीट मागायला उभे असतात. आपल्याकडे तिकीट नेते ठरवतात आणि आपल्याला यादी पेपरात वाचायला मिळते, तिकडे ते तिकीट साधा मतदार देतो, एकेका राज्यात मतदान होत होत. त्यामुळे स्टेजवरच्या लोकांची मतं बरीचशी सारखीच असतात. डेमोक्रॅट असतील तर सगळ्यांना आरोग्यविमा मिळावा असं सगळेच म्हणणार, फरक कुठे, तर किती वर्षांत, कुणाच्या पैशातून, आणि लोकांचा आत्ताचा खाजगी विमा ठेवून का काढून घेऊन. म्हणजे ऐकायचा असतो बारीक फरक आणि टीव्हीवर मोठी दिसते ती चकमक. हे दोन डोक्यात वेगळे ठेवता आले की निम्मं काम झालं.

माझी चूक कशी झाली ते सांगते. मी शाळेत मराठी शिकवायचे आणि वीस-बावीस वर्षं वक्तृत्व स्पर्धांचं परीक्षण केलंय, शाळेतल्या, आंतरशालेय, कॉलेजच्या सुद्धा. त्या गुणपत्रिकेतले रकाने मला झोपेतही आठवतील, विषयाची मांडणी, उच्चार, आवाजातले चढउतार, हावभाव, सभाधीटपणा, वेळेचं भान. २८ जून २०१९ ची सकाळ, तिकडे २७ ची रात्र, मायामीची डेमोक्रॅट्सची डिबेट, कमला हॅरिस यांनी जो बायडन यांना बसिंगवरून धरलं. बसिंग म्हणजे काळ्या आणि गोऱ्या मुलांनी एकत्र शिकावं म्हणून मुलांना बसमधून दुसऱ्या भागातल्या शाळेत न्यायचं, बायडन यांनी १९७० च्या दशकात त्याला विरोध केला होता. हॅरिस म्हणाल्या की कॅलिफोर्नियात अशाच बसनं रोज शाळेत जाणारी एक छोटी मुलगी होती, आणि ती मुलगी म्हणजे मी. काय तो ठेहराव, काय ती नजर! मी जागच्या जागी दहापैकी दहा दिले आणि लेकीला सांगून टाकलं की हीच. पोलमधे, म्हणजे जनमत चाचण्यांत, पण त्या झटक्यात वर गेल्या. आणि ३ डिसेंबरला, अजून एकाही राज्यात एक मत पडलेलं नसताना, त्यांनी माघार घेतली. तिकीट शेवटी त्या दिवशी मार खाल्लेल्या बायडन यांनाच मिळालं.

भाषण खरंच चांगलं होतं, त्यात माझं काही चुकलं नाही. चुकलं ते हे की मी भाषणाला गुण दिले आणि समजले की उमेदवाराला दिले. नंतरच्या दिवसांत त्यांना विचारलं गेलं की बरं मग आज केंद्र सरकारनं बसिंग सक्तीचं करावं का, तर त्याचं ठाम उत्तर काही येईना. आणि त्याच रात्री खाजगी विमा बंद करायला कोणाची तयारी आहे ते हात वर करून सांगा असं विचारलं तेव्हा त्यांनी हात वर केला होता, दुसऱ्या दिवशी म्हणाल्या की प्रश्न मी वेगळा समजले. म्हणजे हे सगळं माझ्या डोळ्यांसमोरच घडत होतं पण माझ्या गुणपत्रिकेत त्याला रकानाच नव्हता.

म्हणून गुणपत्रिका बदला, आणि ती डिबेटच्या आधी लिहा, नंतर नाही. एक साधी वही घ्या. पहिल्या पानावर लिहा की राष्ट्राध्यक्षाचं काम नक्की काय असतं. सैन्याचा सर्वोच्च प्रमुख तो, परराष्ट्र धोरण त्याच्याकडे, खात्यांचे प्रमुख आणि केंद्रीय न्यायाधीश तो सुचवतो आणि सिनेट, म्हणजे तिथल्या संसदेचं वरचं सभागृह, मंजूर करते, काँग्रेसनं, म्हणजे त्या संसदेनं, केलेल्या कायद्यावर सही करायची किंवा व्हेटो वापरायचा. कायदा स्वतः करायचा अधिकार त्याला नाही, आणि सिनेटमधे तर बहुतेक कायद्यांना चर्चा थांबवून मतदानापर्यंत न्यायलाच १०० पैकी ६० मतं लागतात. हे समोर असलं की "मी पहिल्याच दिवशी हे करीन" असं कोणी म्हटलं रे म्हटलं की बाजूला लिहायचं, सहीनं होतं का काँग्रेस लागते? आणि काँग्रेस लागत असेल तर ६० मतं कुठून आणणार हे हा माणूस सांगतोय का? मला विचाराल तर अख्ख्या वहीत हा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. पुष्कळ आश्वासनं याच्यावरच अडकतात आणि जो उमेदवार स्वतःहून सांगतो की एवढं माझ्या हातात आहे आणि एवढं नाही, त्याच्याबद्दल माझं मत चांगलं होतं, मग तो बोलायला कितीही कोरडा असो.

दुसऱ्या पानावर तुमच्या घराचे तीन प्रश्न. तीनच. लेकीचे होते पाळणाघराचा खर्च, नोकरी बदलली की विम्याचं काय होतं ते, आणि ग्रीन कार्डची रांग, कारण तिच्या बरोबरीची कितीतरी मुलं अजून त्या रांगेत आहेत. मग प्रत्येक उमेदवाराला एक पान आणि पानाचे दोन भाग, काय माहितीये आणि काय माहीत नाही. डिबेट बघायची ती हा दुसरा भाग भरायला. जे आधीच माहितीये ते परत ऐकून टाळी वाजवायला दोन तास घालवायचे नाहीत.

आता प्रत्यक्ष बघताना. २०१९ च्या पहिल्या डिबेट्समधे उत्तराला ६० सेकंद होते आणि पुढच्या प्रतिप्रश्नाला ३०. एका मिनिटात आरोग्यविम्याची योजना कोणीच समजावू शकत नाही, तेव्हा खोली नव्हती म्हणून गुण कापू नका. कोण किती वेळ बोललं हे पण मोजू नका, कारण सहसा पोलमधे जो वर तो मधोमध उभा असतो आणि मधल्या लोकांना प्रश्न जास्त मिळतात, कडेचा माणूस बिचारा हात वर करून उभा. मी फक्त तीन खुणा करते. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलं तर बरोबरची खूण, विषय वळवला तर गोल, आणि एखादा आकडा किंवा दावा आला तर तो जसाच्या तसा टिपून ठेवायचा, नंतर तपासायला. हात वर करायला लावतात ते प्रश्न मात्र नावं आणि तारखेसकट लिहा, कारण तिथे शब्दांचा आडोसा नसतो आणि ते पुढे पाठ सोडत नाही. त्याच २७ जूनच्या रात्री कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना सरकारी आरोग्य योजनेत घेणार का असं विचारलं तर स्टेजवरच्या दहाच्या दहा जणांनी हात वर केले, आणि समोरच्या पक्षानं ते लगेच उचललं.

चुका कशा मोजायच्या हे जरा सविस्तर बोलूया कारण इथे फार लोक फसतात. ९ नोव्हेंबर २०११, मिशिगनमधली रिपब्लिकन डिबेट, टेक्ससचे गव्हर्नर रिक पेरी म्हणाले मी तीन खाती बंद करणार, दोनांची नावं घेतली, वाणिज्य आणि शिक्षण, आणि तिसरं आठवेचना, शेवटी "ऊप्स" म्हणाले. सगळं जग हसलं आणि त्यांची उमेदवारी त्यातून सावरली नाही. पण नाव विसरणं हे माझ्या लेखी फार मोठं नाही, स्टेजवर पोरं तर स्वतःचं नाव विसरताना मी पाहिलीयेत. विचारायला हवं होतं ते वेगळंच, की ते तिसरं खातं ऊर्जा खातं होतं आणि अमेरिकेच्या अण्वस्त्रांची देखभाल त्या खात्याकडे आहे, ते बंद केलं तर ते काम कोण करणार? २०१७ मधे पेरी त्याच खात्याचे मंत्री झाले आणि सिनेटसमोर म्हणाले की खात्याचं काम समजून घेतल्यावर ते बंद करा म्हटल्याचा खेद वाटतो. म्हणजे खरी चूक विसरण्यात नव्हती, माहिती न घेता बोलण्यात होती, आणि ती ऐकायला सगळे हसण्यात गुंतलेले.

उलट फेब्रुवारी २०१६, न्यू हॅम्पशरची रिपब्लिकन डिबेट. ख्रिस ख्रिस्टी यांनी मार्को रुबियोंवर आरोप केला की हे पंचवीस सेकंदांचं पाठ केलेलं भाषण म्हणतात, आणि रुबियोंनी उत्तर म्हणून ओबामांबद्दलचं तेच वाक्य परत म्हटलं, आणि मग परत. हे मात्र मी गंभीर धरते. पाठांतर करून आलेलं मूल ओळखायचं असेल तर परीक्षक मधेच एक आडवा प्रश्न टाकतो, ज्याला विषय कळलाय तो अडखळत का होईना स्वतःच्या शब्दांत बोलतो आणि ज्यानं पाठ केलंय तो परत पहिल्या ओळीवर जातो. दबाव आल्यावर माणूस विचार करतो का घोकलेलं म्हणतो हे राष्ट्राध्यक्षाच्या कामाशी थेट संबंधित आहे. तेव्हा विसरणं वेगळं आणि अडकणं वेगळं. आणि हेही बघा की रुबियो तिथे पाचवे आले पण ख्रिस्टी सहावे आले आणि लगेच माघार घेऊन घरी गेले. फटका चांगला बसला म्हणून मारणाऱ्याचं भलं होतंच असं नाही, त्यामुळे मारणारा आणि खाणारा यांची पानं वेगवेगळी लिहा.

एक प्रयोग जरूर करा, डिबेटचा निदान अर्धा तास नुसता ऐका. मी स्वयंपाकघरात पोह्यांची तयारी करता करता ऐकते, चित्र नाही, फक्त आवाज. १९६० साली २६ सप्टेंबरला केनेडी-निक्सन यांची डिबेट झाली, दोन पक्षांच्या अध्यक्षीय उमेदवारांची टीव्हीवरची पहिली, तेव्हापासून एक गोष्ट सांगतात की रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन सरस वाटले आणि टीव्ही बघणाऱ्यांना केनेडी. त्या गोष्टीमागचा पुरावा तसा तोकडा आहे, ज्या सर्व्हेवर ती उभी आहे त्याच्यावर अभ्यासकांनी बऱ्याच शंका घेतल्यात, पण स्वतःवर करून बघायला काय हरकत आहे! मला तरी नुसतं ऐकताना कोण प्रश्न टाळतोय हे पटकन कळतं, बघताना मी चेहऱ्यात अडकते. टिळक स्मारकला वसंत व्याख्यानमालेत मागच्या रांगेत डोळे मिटून ऐकणारे आजोबा असतात ना, मला वाटायचं त्यांना डुलकी लागलीये, पण प्रश्नोत्तरात नेमका मुद्दा तेच काढतात.

डिबेट संपली की लगेच टीव्ही बंद. मोबाईल पण बाजूला. आधी स्वतःच्या वहीत प्रत्येकाबद्दल दोन ओळी लिहा, आज याच्याबद्दल नवीन काय कळलं. लेक तिकडे लिहायची आणि मी इकडे, आणि मगच एकमेकींना फोटो पाठवायचो, आधी नाही, कारण माझं ऐकलं की तिचं बदलायचं आणि तिचं ऐकलं की माझं. स्टेजच्या मागे स्पिन रूम म्हणून खोली असते, तिथे प्रत्येक उमेदवाराची माणसं पत्रकारांना सांगत असतात की आमचाच जिंकला, आणि तासाभरात टीव्हीवरचे लोक त्याच भाषेत बोलायला लागतात. तुमच्या दोन ओळी त्याच्या आधी कागदावर पाहिजेत.

क्लिपा तर निदान दोन दिवस बघू नका. क्लिप म्हणजे दोन तासांतली वीस सेकंदं, आणि ती कापणाऱ्यानं काहीतरी मनात धरूनच कापलेली असतात. वेबसाइटवर "कोण जिंकलं, मत द्या" असं असतं ते तर सोडूनच द्या, तिथे ज्याचे समर्थक उत्साही तो जिंकतो, एकच माणूस चार फोनवरून मत देतो. खरे पोल यायला दिवस लागतात आणि ते वाचताना सोबत छापलेला मार्जिन ऑफ एरर बघा, म्हणजे आकडा किती मागेपुढे असू शकतो तो फरक. हजार लोकांच्या पोलमधे तो साधारण अधिक-उणे ३ टक्के असतो, आणि प्रायमरीचे मतदार त्यातले चारशेच असतील तर ५ टक्के होतो, म्हणजे कोणी ७ वरून १० वर गेला हे कदाचित काहीच नसेल. एका पोलवर उड्या मारू नका, तीन-चार येऊ द्या.

दोन दिवसांनी ट्रान्सक्रिप्ट वाचा, मोठ्या वृत्तसंस्था पूर्ण देतात. वाचताना गंमत होते, जे ऐकताना जोरदार वाटलेलं असतं त्यात कधीकधी कर्ता-क्रियापदच सापडत नाही, आणि एखादं रटाळ वाटलेलं उत्तर कागदावर एकदम नीट उभं राहतं. तुम्ही टिपलेले आकडे पॉलिटिफॅक्ट किंवा फॅक्टचेक डॉट ऑर्गवर शोधा, आणि नुसता खरं-खोटं असा शिक्का बघून उठू नका, खालचं कारण वाचा. ३८ च्या जागी ४० म्हटलं तर ती बोलण्यातली घाई असते. तेच खोटं तिसऱ्या डिबेटमधे पण म्हटलं, दुरुस्त केलं गेलेलं असूनही म्हटलं, तर मग तो स्वभाव आहे आणि त्याच्यासाठी मी पानावर लाल पेन वापरते.

मग डिबेटला अर्थच नाही का, तर तसं अजिबात नाही. ज्याला लोक फक्त जाहिरातींतून ओळखतात त्याच्यासाठी डिबेट ही खरी परीक्षा. न्यूयॉर्कचे माजी महापौर, अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०२० ला डेमोक्रॅटिक तिकिटासाठी स्वतःच्या खिशातून अफाट पैसा ओतला, पहिली चार राज्यं सोडून दिली आणि टीव्हीवर जाहिरातींचा पाऊस पाडला. १९ फेब्रुवारीला लास वेगासला ते पहिल्यांदा स्टेजवर आले आणि दुसऱ्या उमेदवार एलिझाबेथ वॉरन यांनी विचारलं की तुमच्या कंपनीतल्या ज्या बायकांनी गप्प राहण्याच्या करारावर सह्या केल्यात त्यांना त्यातून मोकळं करणार का. साधा प्रश्न, हो किंवा नाही. त्यांना उत्तर देता आलं नाही. ३ मार्चच्या सुपर ट्यूसडेला, म्हणजे एकदम बऱ्याच राज्यांत मतदान असतं त्या मंगळवारी, त्यांनी जिंकलं ते फक्त पॅसिफिकमधलं छोटंसं अमेरिकन सामोआ आणि दुसऱ्या दिवशी माघार. इथे डिबेटनं खरंच नवीन काहीतरी दाखवलं होतं, ते आमच्या दोघींच्या वहीत "माहीत नाही" च्या भागात आलं होतं.

स्टेजवर नसलेल्यांना पण पान द्या. ऑगस्ट २०२३ ला मिलवॉकीत आठ रिपब्लिकन उभे होते आणि डोनाल्ड ट्रम्प आलेच नाहीत, पुढच्याही डिबेट्सना नाही, आणि तिकीट त्यांनाच मिळालं. स्टेजवर कोण येणार हे पोल आणि देणगीदारांच्या संख्येवर ठरतं, २०१९ च्या पहिल्या डिबेट्सना डेमोक्रॅटिक पक्षाची अट होती पोलमधे १ टक्का नाहीतर ६५ हजार देणगीदार, म्हणून तेव्हा लेकीला रोज "एकच डॉलर द्या" असे मेल यायचे. यावरून आठवलं, इकडच्या आईबाबांनी उत्साहात कोणाला पैसे पाठवू नका. परदेशी नागरिकांना देणगी द्यायला तिकडे कायद्यानं बंदी आहे, एचवनबी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना पण. ग्रीन कार्डवाले देऊ शकतात, पण मत मात्र त्यांना नाही.

आता शेवटचा भाग, राज्याचे नियम, आणि हा भाग टाळाल तर बाकी वही भरून काही उपयोग नाही. टेक्ससला पक्षाची नोंदणी नसते, कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं, दोन्हीत नाही. मतदार नोंदणी निवडणुकीच्या ३० दिवस आधी लागते. दुसऱ्या राज्यांत वेगळं, काही ठिकाणी पक्षात आधीच नाव नोंदवलेलं नसेल तर मतच देता येत नाही, तेव्हा आपल्या राज्याचं बघून घ्या. डेमोक्रॅट्सकडे साधारण १५ टक्क्यांच्या खाली राहिलेल्याला पक्षाच्या अधिवेशनात तिकिटासाठी मत देणारे प्रतिनिधीच मिळत नाहीत, म्हणजे तुमचा आवडता तिथे ६ टक्क्यांवर असेल तर ते माहीत असून मत द्या.

लास वेगासच्या डिबेटनंतर लेकीचा फोन आला, आपली २० फेब्रुवारीची सकाळ, आवाजात एवढा उत्साह, म्हणाली आई इथे अर्ली व्होटिंग, म्हणजे ठरलेल्या दिवसाआधीचं मतदान, चालू झालंय, उद्याच जाऊन देऊन टाकते. मी म्हटलं, अगं थांब, तुझी वही काय म्हणते? ती म्हणाली वही म्हणते अजून दोन पानं कोरी आहेत. ती थांबली. २८ तारखेला अर्ली व्होटिंग संपलं, १ मार्चला पीट बुटिजेज यांनी माघार घेतली, २ मार्चला एमी क्लोबुशार यांनी, आणि त्याच संध्याकाळी दोघांनी डॅलसमधेच येऊन बायडन यांना पाठिंबा दिला. तिच्या ऑफिसातल्या एकीनं आठवडाभर आधीच बुटिजेजना मत देऊन टाकलं होतं आणि ते आता परत घेता येत नव्हतं. लेक ३ तारखेला ऑफिस सुटल्यावर गेली, रांग लांब होती, तिनं रांगेतूनच वहीच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवला, माझ्याकडे तेव्हा पहाट व्हायची होती. तिनं तीन प्रश्नांपुढे नावं लिहिली होती, तीनही प्रश्नांपुढे एकच नाव नव्हतं. मत कोणाला दिलं ते मी अजून विचारलेलं नाही.